आन्सेल्मोला पलीकडे नेताना

येर्को,
सहाव्यांदा मेला ना तुझा म्हातारा?
भिंतीपलीकडून ऐकला मी कंट्रोलर आपटल्याचा आवाज.
मी निघालेय, रात्रपाळी आहे,
पहाटेपर्यंत सालमनचे काटे काढायचेत.
रस्सा झाकून ठेवलाय.
आणि हे, विजेच्या बिलाच्या पाठीवर, घाईघाईत:

त्याच्या हातात बंदूक देऊ नकोस.
दया येते, ठाऊक आहे मला.
पण तो पियानो सुरात लावणारा माणूस,
आवाज येईल तिकडे गोळी झाडतो,
आणि बहुतेक वेळा तो आवाज तुझाच असतो.

पुलावर आधी एकटा जा.
त्याला औषधाच्या दुकानामागच्या कोठीत बसव,
दार नुसतं लोटून घे. कडी नको.
कडी लागली की तो घाबरून हाका मारतो,
आणि त्या हाकांना गावभरची मढी
पंगतीला बोलावल्यासारखी धावत येतात.
बाटली फेक. ती तिकडे वळतील.
पाठमोरी असतानाच एकेक आडवं कर, सात आहेत.
आठवं गाडीखाली असतं. दिसत नाही. घोटा धरतं.

मग त्याला आण.

आता त्याच्या चालीचं.
खेळ बनवणाऱ्यांनी काय खोडी करून ठेवलीय बघ:
तू चाललास तर तो पुढे निघून जातो,
धावलास तर मागे राहतो.
त्याच्या वेगाचं बटणच नाही आपल्या हातात.
म्हणून चार पावलं धाव, दोन थांब,
चार धाव, दोन थांब.
लंगडी घातल्यासारखं दिसतं. दिसू दे.
बघायला आहे कोण? सगळे मेलेलेच.

दारात अडकला तर ढकलू नकोस,
तूच मागे सर.
त्याला वळायला जागा हवी असते फक्त.

एक गोष्ट आहे, कुणाकडे बोलू नकोस.
गेल्या हिवाळ्यात, अकराव्या खेपेला,
मी त्याला पुलावर टाकून पळाले.
चुकून नाही.
पलीकडे पोचल्यावर कॅमेरा मागे फिरवला.
तो ओरडत नव्हता.
त्याने हत्यारांची पेटी खाली ठेवली,
टोपी सारखी केली,
आणि मी गेले त्या दिशेला बघत उभा राहिला.
मग पडदा काळा. पुन्हा प्रयत्न करा.
मी केला नाही.
कोट चढवून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले,
घ्यायचं काहीच नव्हतं.
सामुद्रधुनीवरून वारा असा येत होता
की डोळ्यांतलं पाणी कानाकडे जात होतं.

पुढे कधीतरी कळलं:
पुलाच्या मध्यावर, तिसऱ्या फुटक्या दिव्यापाशी
कशालाही हात न लावता थांबलं
तर तो बोलतो.
एका घराबद्दल सांगतो,
तिथल्या पियानोचा एक सूर
त्याने मुद्दाम जरासा उतरलेला ठेवला होता,
कारण त्या घरातली मुलगी तसाच गायची.
मिनिटभराचं बोलणं.
तेवढ्यात मागून आणखी मढी येतात,
म्हणून दोन बाटल्या राखून ठेव.
याचे गुण मिळत नाहीत.
पुढच्या दारालाही याची किल्ली नाही.

उद्या वारा ताशी शंभराच्या वर सांगितलाय.
चौकात दोर बांधून झालेत, येताना पाहिले.
शाळेला जाताना दोर धर, फुशारकी नको,
तुझं दप्तर तुझ्यापेक्षा जड आहे म्हणून काय झालं.
माझी पाळी तेव्हाच सुटते.
कोपऱ्यावर रबरी बुटांतली कुणी दिसली,
मासळीच्या वासाची,
तर मित्रांदेखत ओळख दाखवायची गरज नाही.
तू पुढे चाल.
मी आपली चार पावलं धावेन, दोन थांबेन.

– दानित्सा

ता. क. गाडीखालचं विसरू नकोस.
पाचव्यांदा तू त्यालाच विसरला होतास.